सोलापूरच्या अंगणात बारमाही बहर : कण्हेरीची लागवड आणि घ्यावयाची दक्षता

पारा ४० अंशांच्या पुढे सरकला, की सोलापुरातील बहुतेक बागा मान टाकतात. गुलाबाची पाने करपतात, हिरवळ पिवळी पडते आणि कुंडीतला मोगरा दिवसातून दोनदा पाणी मागू लागतो. अशा ऐन वैशाखात एखाद्या कुंपणाच्या भिंतीवरून गुलाबी, पांढऱ्या किंवा तांबड्या फुलांचे झुबके रस्त्याकडे झुकलेले दिसतात. ते झुडूप बहुधा कण्हेरीचे असते. अवर्षणाची, कडक उन्हाची आणि क्षारयुक्त पाण्याची फारशी तमा न बाळगता फुलणारी इतकी मोठी झुडपे या प्रदेशात थोडीच आहेत.

मात्र कण्हेरीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या झुडपाचा मुळापासून फुलापर्यंतचा प्रत्येक भाग विषारी आहे. त्यामुळे कण्हेर लावावी की नाही आणि लावायची तर कोठे, याचा निर्णय रोपवाटिकेत नव्हे, तर घरातील माणसे, मुले आणि जनावरे यांचा विचार करून अंगणातच घ्यावा लागतो. हा निर्णय नीट घेता यावा आणि घेतल्यावर झुडूप नीट वाढवता यावे, यासाठी आवश्यक ती माहिती येथे संकलित केली आहे.

एक झुडूप, अनेक नावे

कण्हेरीचे शास्त्रीय नाव नेरियम ओलिएंडर. कार्ल लिनियसने १७५३ मध्ये हे नाव दिले. भूमध्य सागराच्या काठापासून भारतापर्यंत आणि पुढे दक्षिण चीनपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात ही वनस्पती आढळते. भारतातील सुगंधी कण्हेर पूर्वी नेरियम इंडिकम या स्वतंत्र नावाने ओळखली जाई. आता मात्र ती एकाच जातीत समाविष्ट केली जाते. सदाफुली, तगर, चाफा, सप्तपर्णी आणि माळरानावरची रुई ही सारी कण्हेरीच्याच कुळातील. पान तोडताच बाहेर येणारा चीक ही या कुळाची ठळक खूण होय.

मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा नांदत असलेल्या सोलापुरात हे एकच झुडूप तीन नावांनी ओळखले जाते. मराठीत कण्हेर, कन्नडमध्ये कणगिले आणि तेलुगूत गन्नेरू. संस्कृतात त्याला करवीर म्हणतात. त्याची आणखी दोन संस्कृत नावे अश्वमारक आणि हयमारक अशी आहेत. घोड्याला मारणारी ती, असा त्यांचा अर्थ. वनस्पतीचा गुणधर्म पूर्वजांना किती नेमका ठाऊक होता, हे या नावांवरून कळते.

कण्हेर साधारणतः दोन ते चार मीटर उंच वाढते. एका बुंध्याऐवजी जमिनीलगत अनेक फांद्या फुटून तिचा झुबकेदार पसारा तयार होतो. पाने लांबट, जाड, चिवट असून बहुधा तीन-तीनच्या चक्रात येतात. फुले फांद्यांच्या टोकांना गुच्छाने लागतात. एकेरी फुलाला पाच पाकळ्या असतात व घशाशी झालरीसारखी रचना असते. दुहेरी पाकळ्यांच्या गुलाबी प्रकाराला मंद सुगंध येतो. पुढे लांब शेंगा धरतात आणि त्या उकलल्या की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात.

पिवळी कण्हेर वेगळी

अनेक घरांपुढे दिसणारी पिवळी कण्हेर अर्थात बिट्टी ही खऱ्या कण्हेरीची जात नव्हे. कुळ एक असले, तरी प्रजाती निराळी आहे. तिचे मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिका. सोळाव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू व प्रवासी आंद्रे थेवे याच्या नावावरून तिच्या प्रजातीला थेवेशिया असे नाव पडले. आता वनस्पतिशास्त्रज्ञ तिला कास्काबेला थेवेशिया म्हणतात. तिची पाने अधिक अरुंद व एकाआड एक असतात, फुले पिवळी आणि नरसाळ्याच्या आकाराची असतात, तर फळ मांसल व हिरवे असून पिकल्यावर काळे पडते.

हा फरक केवळ अभ्यासकांसाठी नाही. बिट्टीच्या फळातील बी अत्यंत विषारी असते आणि तिच्या विचित्र आकारामुळे मुले ती खेळायला गोळा करतात. त्यामुळे लहान मुलांच्या घरी या दोहोंपैकी बिट्टी अधिक धोकादायक मानावी.

सोलापूरचे हवामान आणि कण्हेर

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. येथील वार्षिक सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असून तोही समान पडत नाही. जून-जुलैत पावसाची ओढ बसते आणि सप्टेंबरमध्ये परतीच्या वाटेवरचा पाऊस जोर धरतो. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी या जिल्ह्यात अजून सांगितल्या जातात. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तरी सोलापूर शहराने काही दिवसांआड नळाला पाणी येण्याचा अनुभव पुढेही दीर्घकाळ घेतला. उजनी, टाकळी आणि हिप्परगा ही नावे येथील गृहिणींना पाण्याच्या वेळापत्रकामुळेच अधिक परिचित झाली.

अशा शहरात बाग करताना पहिला हिशेब पाण्याचा मांडावा लागतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीला रोज किमान पाच मिलिमीटर पाणी धरले, तर १० बाय १० फुटांच्या छोट्या हिरवळीला दररोज सुमारे ४६ लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे १,४०० लिटर पाणी लागते. उलट जमिनीत नीट रुजलेल्या कण्हेरीच्या झुडपाला आठवड्यातून एकदा २० लिटरची एक बादली दिली, तरी महिन्याचा खर्च १०० लिटरच्या आत राहतो. त्यात पाण्याची एखादी पाळी चुकली, तरी झुडूप मरत नाही, फक्त फुले कमी येतात.

कूपनलिकेचे पाणी खारट किंवा जड असल्याची तक्रार शहराच्या हद्दवाढ भागात नेहमी ऐकू येते. अशा पाण्यावर गुलाबाची पाने कडेने जळतात. कण्हेर मात्र क्षार बऱ्यापैकी सहन करते. समुद्रकिनारी वसलेल्या अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन शहरात १८४१ मध्ये कण्हेर आणली गेली आणि खाऱ्या वाऱ्यातही ती इतकी फोफावली, की ते शहर कण्हेरीचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. जपानमधील हिरोशिमात १९४५ च्या अणुबॉम्बस्फोटानंतर उद्ध्वस्त जमिनीवर लवकर फुललेल्या झाडांत कण्हेर होती. त्या शहराने तिला आपले अधिकृत फूल मानले आहे.

पानात दडलेले तंत्र

कण्हेरीच्या या चिवटपणाचे रहस्य तिच्या पानात आहे. वनस्पती पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून हवा घेतात आणि त्याच वाटेने त्यांच्यातील पाण्याची वाफ बाहेर जाते. बहुतेक वनस्पतींत ही रंध्रे पृष्ठभागावर उघडी असतात. कण्हेरीत ती पानाच्या खालच्या बाजूस खोल खळग्यांत दडलेली असून त्या खळग्यांत बारीक केसांचे आवरण असते. त्यामुळे उष्ण वारा थेट रंध्रांपर्यंत पोहोचत नाही आणि खळग्यातील दमट हवा टिकून राहते. पानाच्या वर मेणचट थर आणि त्याखाली बाह्यत्वचेचे एकाहून अधिक पदर असतात. वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कोरड्या प्रदेशाशी जुळवून घेतलेल्या पानाचे उदाहरण म्हणून कण्हेरीच्या पानाचा छेद दाखवला जातो, तो याच कारणाने.

राष्ट्रीय महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर मोठ्या प्रमाणावर लावण्यामागेही हीच कारणे आहेत. तेथे टँकरचे पाणी मोजके मिळते, गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याचा झोत तिच्या दाट पानांआड अडतो.

जागेची निवड

कण्हेरीला दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत झुडूप जगते, पण काटकुळे वाढते आणि फुले येत नाहीत. पश्चिमेकडील भिंत दुपारच्या उन्हाने तापत असेल, तर तेथे कण्हेरीची रांग लावल्यास भिंतीवर सावली पडते. जुळे सोलापूर, होटगी रस्ता, विजापूर रस्ता अशा नव्या वसाहतींत बंगल्याभोवती थोडी मोकळी जागा असते. तेथे पुढील अंतरे पाळावीत.

घराच्या भिंतीपासून व सांडपाण्याच्या नळापासून झुडूप किमान दीड मीटर दूर असावे. एकटे झुडूप वाढवायचे असल्यास भोवती दोन ते अडीच मीटर जागा मोकळी ठेवावी. कुंपण म्हणून रांग करायची असल्यास दोन रोपांत एक ते सव्वा मीटर अंतर पुरते. फाटकाच्या अगदी कडेला किंवा पायवाटेवर झुकेल अशा ठिकाणी लावू नये.

सोलापुरात जागा निवडताना आणखी एक पथ्य विशेष महत्त्वाचे आहे. पाणी रोज येत नसल्याने येथील जवळपास प्रत्येक घरात जमिनीतील हौद किंवा टाकी असते. अशा उघड्या हौदाजवळ, विहिरीच्या काठी किंवा जनावरांच्या पाण्याच्या कुंडाशेजारी कण्हेर कदापि लावू नये. गळालेली पाने आणि फुले पाण्यात पडून कुजली, तर त्यांतील विष पाण्यात उतरते. झुडूप आधीच तेथे असेल, तर हौदाला घट्ट झाकण बसवावे किंवा झुडूप काढून टाकावे. गावठाणातील पेठांमध्ये, जेथे अंगण म्हणजे चार पावलांचा चौक आणि मुलांचे खेळणेही तेथेच, तेथे कण्हेरीचा आग्रह धरू नये.

रोपे तयार करणे

बियांपासून रोपे होतात, पण फुलांचा रंग व प्रकार हमखास तोच येईल याची खात्री नसते. म्हणून छाट कलमाची पद्धत सोपी आणि भरवशाची आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी, हवेत ओलावा आल्यावर, पेन्सिलच्या जाडीची, अर्धवट पक्व फांदी निवडावी. सुमारे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा. वरची दोन-तीन पाने ठेवून बाकीची काढावीत. चीक वाहणे थांबेपर्यंत तुकडे सावलीत ठेवावेत आणि मग वाळू व शेणखतमिश्रित माती भरलेल्या पिशवीत निम्म्यापर्यंत खोचावेत. माती ओलसर ठेवावी, चिखल होऊ देऊ नये. साधारण महिना ते दीड महिन्यात मुळे फुटतात.

काही जण फांदी बाटलीतील पाण्यात ठेवून मुळे फोडतात. ही पद्धत यशस्वी होते, पण त्या पाण्यातही विष उतरते. अशी बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मुलांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या हाती लागेल अशा ठिकाणी ठेवू नये आणि तिच्यावर तशी चिठ्ठी चिकटवावी. कलमे करताना रबरी हातमोजे घालावेत. चीक त्वचेला लागल्यास खाज सुटते, डोळ्यात गेल्यास जळजळ होते. काम संपल्यावर हात व कात्री साबणाने धुवावी.

खड्डा, माती आणि लागवड

जिल्ह्यातील काळी जमीन पाणी धरून ठेवते, ओली झाल्यावर फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कण्हेर या जमिनीत वाढते, परंतु मुळांशी पाणी साचून राहिल्यास मुळे कुजतात. यासाठी ६० सेंटिमीटर लांब, रुंद व तितकाच खोल खड्डा मे महिन्यात घेऊन उन्हात तापू द्यावा. तळाशी विटांचे तुकडे किंवा जाड मुरमाचा थर द्यावा. त्यावर दोन भाग माती, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. नव्या वसाहतींत जमिनीवर बांधकामाचा राडारोडा पसरलेला असतो. तो काढून टाकल्याशिवाय खड्डा भरू नये.

लागवड पहिला दमदार पाऊस झाल्यावर करावी. जून-जुलै कोरडे गेल्यास घाई न करता सप्टेंबरमधील पावसाची वाट पाहणे सोलापुरात अधिक शहाणपणाचे ठरते. त्या वेळी लावलेल्या रोपाला ऊन कमी झालेले चार-पाच महिने मुळे पसरवायला मिळतात आणि पहिला उन्हाळा ते सोसते.

गच्चीवर किंवा सज्जात कण्हेर लावायची झाल्यास किमान १८ इंची कुंडी किंवा अर्धे पिंप घ्यावे, तळाला छिद्रे पाडावीत. कुंडीतील माती लवकर वाळते. त्यामुळे जमिनीतील झुडपाइतका काटकपणा कुंडीतील झुडपाकडून अपेक्षू नये. उन्हाळ्यात त्याला एक दिवसाआड पाणी लागते.

पाणी आणि खत

पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा, दर वेळी सुमारे १० लिटर पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षी ते आठवड्यातून एकदा करावे. तिसऱ्या वर्षापासून पावसाळा व हिवाळ्यात पाणी देण्याची गरज सहसा भासत नाही. उन्हाळ्यात आठवडा ते पंधरवड्याच्या अंतराने एक बादली पुरते. थोडे-थोडे पाणी रोज शिंपडण्याऐवजी एकदाच भरपूर आणि सावकाश द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. आळ्यात वाळलेल्या पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन केल्यास ओल अधिक दिवस टिकते. भाज्या आणि धान्य धुतलेले पाणी निःशंक वापरावे. कपड्यांचे साबणाचे पाणी वापरायचे झाल्यास दुसऱ्यांदा खंगाळलेले पाणी द्यावे आणि मधूनमधून साधे पाणीही द्यावे.

कण्हेरीला खताचा मोठा हव्यास नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या सुरुवातीस आणि छाटणीनंतर, पाटीभर शेणखत किंवा गांडूळखत आळ्यात मिसळावे. नत्रयुक्त रासायनिक खताचा मारा केल्यास पाने माजतात, फुले घटतात आणि माव्याचा उपद्रव वाढतो.

छाटणी

कण्हेरीची फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात. छाटणी टाळल्यास झुडूप खालून उघडे पडते आणि फुले फक्त शेंड्याला, हाताच्या व नजरेच्या पलीकडे राहतात. थंडी सरताना, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, मुख्य छाटणी करावी. सर्वांत जुन्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश जमिनीलगत काढाव्यात व उरलेल्या फांद्यांचे शेंडे खुडावेत. नवी फूट जोमाने येऊन एप्रिलपासून बहर धरतो. वाळलेले गुच्छ आणि शेंगा वेळोवेळी काढल्यास फुले येत राहतात.

छाटलेल्या फांद्यांची विल्हेवाट हा कण्हेरीच्या निगेतील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. त्या जाळू नयेत, कारण त्यांचा धूरही घातक असतो. बंबात, चुलीत किंवा शेकोटीत तर मुळीच घालू नयेत. कण्हेरीच्या काडीने दात घासणे, ती अन्न ढवळायला किंवा कणीस भाजायला वापरणे जिवावर बेतू शकते. रस्त्याच्या कडेला ढीग टाकून देणेही अयोग्य आहे.

जनावरांसाठी धोका

ताजी कण्हेर कडू असल्याने गुरे तिला सहसा टाळतात. यामुळे अनेकांचा गैरसमज होतो, की जनावरांना तिच्यापासून धोका नाही. प्रत्यक्षात धोका वाळलेल्या पानांत असतो. पाने वाळल्यावरही विष कायम राहते. वैरणीत किंवा उकिरड्यावरच्या पाल्यात ती मिसळली, की भुकेले जनावर ती खाऊन जाते. खिलार बैल आणि उस्मानाबादी शेळी ज्या जिल्ह्याच्या घराघराचा आधार आहेत, तेथे उन्हाळ्यात चारा कमी झाल्यावर ही शक्यता अधिक वाढते. एका शेळीचा मृत्यू हे गरीब कुटुंबाचे मोठे नुकसान असते. म्हणून छाटणीचा कचरा खोल खड्ड्यात पुरावा किंवा गोणीत बांधून घंटागाडीत द्यावा. गोठ्याजवळ, शेळ्यांच्या वाटेवर आणि चराऊ रानाच्या बांधावर कण्हेर लावू नये.

कीड आणि फुलपाखरे

कण्हेरीवर पिवळ्या रंगाचा मावा कोवळ्या शेंड्यांवर दाटीने दिसतो. त्याने झुडूप सहसा मरत नाही. पाण्याचा जोरदार फवारा मारून किंवा सौम्य साबणाच्या पाण्याने तो धुऊन काढता येतो. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड आढळल्यास ग्रासलेल्या फांद्या कापाव्यात व निंबोळी अर्क फवारावा. पांढऱ्या व गुलाबी छटांचा, हिरवट रंगाचा हॉकमॉथ पतंग कण्हेरीच्या पानांवर अंडी घालतो. त्याची जाड हिरवी अळी काही दिवसांत एखादी फांदी निष्पर्ण करते. अशा अळ्या मोजक्या असतील, तर हाताने वेचणे पुरते.

कॉमन क्रो या काळपट तपकिरी फुलपाखराच्या अळ्याही कण्हेरीवर वाढतात. पानातील विष अंगात साठवून त्या स्वतःला पक्ष्यांपासून वाचवतात. पानाखाली लटकणारा त्यांचा चकचकीत चंदेरी कोश हे मुलांना दुरून दाखवण्याजोगे नवल आहे. सरसकट कीटकनाशक फवारल्यास हे वैभव नाहीसे होते.

विषाचे स्वरूप

कण्हेरीच्या पानाफुलांत ओलिअँड्रिन आणि त्या वर्गातील इतर द्रव्ये असतात. ती हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करतात. हृदयविकारावर वापरले जाणारे डिजॉक्सिन हे औषध याच प्रकारच्या द्रव्यांपैकी आहे, पण त्याची मात्रा डॉक्टर मोजून-मापून देतात. आयुर्वेदात करवीराची गणना उपविषांत होते आणि शोधनाशिवाय ती वापरण्यास मनाई आहे. घरगुती उपाय म्हणून पानांचा काढा, मुळीचा लेप किंवा चूर्ण यांचा प्रयोग कोणीही करू नये.

विषबाधेत मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब, चक्कर आणि दृष्टी धूसर होणे ही लक्षणे दिसतात. नाडी मंद किंवा अनियमित होते. कोणी पान, फूल, बी चघळल्याचा संशय आला, तरी लक्षणांची वाट पाहू नये. तोंडातील भाग काढून चूळ भरायला लावावी. मीठ-पाणी, ताक किंवा तूप पाजून उलटी घडवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि खाल्लेल्या वनस्पतीची फांदी सोबत घ्यावी, म्हणजे डॉक्टरांना निदान सोपे जाते. हृदयाचा आलेख काढून रुग्णाला काही काळ देखरेखीखाली ठेवावे लागते. जनावराच्या बाबतीत पशुवैद्यकीय दवाखान्याशी लगेच संपर्क साधावा.

देवपूजा आणि प्रसाद

सिद्धरामेश्वरांच्या या नगरीत शिवपूजेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पांढरी कण्हेर शंकराला आणि तांबडी कण्हेर देवीला वाहण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. अनेक घरांत ती लावली जाते, तीच मुळी पूजेच्या फुलांसाठी. या प्रथेला बाधा न आणता थोडी काळजी घेता येते. केरळमध्ये २०२४ साली एका तरुणीच्या मृत्यूनंतर, कण्हेर चघळल्याने तो झाला असावा असा संशय व्यक्त झाला. त्यानंतर त्याच वर्षी मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार येथील देवस्वम मंडळांनी नैवेद्य व प्रसादात ही फुले वापरणे बंद केले. पूजेत ती वाहण्यास मात्र मुभा राहिली.

घरीही हाच नियम पाळावा. कण्हेरीची फुले देवाच्या मस्तकी वाहावीत, पण तीर्थाच्या पात्रात, पंचामृतात किंवा नैवेद्याच्या ताटात टाकू नयेत. फुले तोडणाऱ्याने हात धुऊन मगच प्रसाद वाटावा. निर्माल्य तुळशीच्या किंवा भाजीच्या वाफ्यात टाकण्याऐवजी वेगळे पुरावे.

ज्यांनी पर्याय शोधावा

रांगणारी किंवा प्रत्येक वस्तू तोंडात घालणारी मुले, मोकळी फिरणारी जनावरे किंवा उघडा हौद असलेल्या घरांनी कण्हेरीचा मोह टाळणेच योग्य. तेवढ्याच आकाराची, कमी पाण्यावर तगणारी इतर झुडपे उपलब्ध आहेत. पारिजातकाला पहाटे सुगंधी फुलांचा सडा पडतो. जास्वंदीला पाणी थोडे अधिक लागते, पण तिची फुले देवाला चालतात. बोगनवेल पाण्याच्या बाबतीत कण्हेरीइतकीच समाधानी असून काट्यांमुळे कुंपणाला उपयोगी पडते.

सोलापूरकरांसाठी सर्वांत आपला पर्याय मात्र डाळिंबाचा आहे. सोलापुरी डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शहराजवळ केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र कार्यरत आहे. या मातीत आणि या पावसात हे झुडूप किती रमते, याला सांगोल्याच्या बागा साक्षी आहेत. अंगणातील डाळिंबाला शेंदरी फुले येतात, फळे मिळतात आणि मुलांच्या हाताला लागले तरी भीती नसते.

वर्षभराचे वेळापत्रक

जानेवारी-फेब्रुवारी : मुख्य छाटणी, कचऱ्याची सुरक्षित विल्हेवाट, शेणखत.
मार्च ते मे : आठवडा-पंधरवड्याने पाणी, आच्छादन, माव्यावर लक्ष. नव्या लागवडीसाठी मे महिन्यात खड्डे.
जून ते ऑगस्ट : छाट कलमे, आळ्यातील साचलेले पाणी काढणे, खताचा दुसरा हप्ता.
सप्टेंबर-ऑक्टोबर : नव्या रोपांची लागवड, अळ्यांची पाहणी, वाळलेल्या शेंगा काढणे.
नोव्हेंबर-डिसेंबर : पाणी कमी करणे, मृत फांद्या काढणे, हौदाची झाकणे तपासणे.

कण्हेर लावणाऱ्याने घरातील प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, कामाला येणाऱ्या मावशींना आणि बाग झाडणाऱ्या माळ्याला, तिच्या विषारीपणाची स्पष्ट कल्पना द्यावी. फूल पाहावे, देवाला वाहावे, पण तोंडात घालू नये, हे मुलांच्या मनावर एकदा नीट बिंबवले, की निम्मी काळजी मिटते. उरलेली निम्मी जागेची निवड आणि छाटणीचा कचरा या दोन गोष्टींत आहे. ही पथ्ये पाळली, तर पाण्याची चणचण असलेल्या शहरातही अंगणातला बहर वर्षानुवर्षे टिकतो.